नाल निघाल्यानंतर

मुंबईत 1874 साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. 2015 साली उच्च न्यायालयाने हौसेसाठी फिरणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. रस्त्यावरून सुटलेल्या घोड्याची नाल काढली, की नालबंदाचे काम संपले असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे.

खूर नखासारखा वाढतो. महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटरपर्यंत. कठीण रस्त्यावर तो वाढीपेक्षा अधिक झिजतो, म्हणून नाल लागते. तबेल्यात उभ्या घोड्याचा खूर मात्र झिजतच नाही. तो पुढे लांबतो, कडा फाटतात, पायाच्या मागल्या बाजूवर ताण येतो. म्हणून दर 6 ते 8 आठवड्यांनी तो कानशीने नीट करून घ्यावा. रोज पाय उचलून तळ साफ करावा. मधल्या त्रिकोणी, रबरासारख्या गादीला घाण वास आला, तर ओल्या लिदीत ती कुजते आहे असे समजावे. घोडा लंगडू लागल्यास परळच्या बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवावा.

खुरावर आडव्या वळ्या दिसतात. आजारपण, खाण्यातला बदल तेथे उमटतो. पुढला खूर वरपासून खालपर्यंत नवा होण्यास जवळजवळ वर्ष लागते; म्हणजे ती वर्षाची हजेरीवहीच!

काम सुटले तरी देणे सुटत नाही, हे आम्ही कामगारांसाठी जन्मभर सांगत आलो. घोड्याचा हिशेब याहून निराळा कसा असेल?