परतीची वाट (भाग ४) : घरी आल्यावर काय?

१९९० मध्ये इराकने कुवेतवर चढाई केली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आले. त्यांत गोवेकरही बरेच होते. ती हकिकत मागच्या आठवड्यात पाहिली. आज त्यापुढचा प्रश्न : आखातातून आलेल्या माणसाचं बस्तान इथे पुन्हा बसतं कसं?

या बाबतीत केरळइतका अनुभव देशात दुसऱ्या कुठल्या राज्याच्या गाठीशी नाही. तिथे १९९८ पासून दर काही वर्षांनी स्थलांतराची पाहणी होते. २०२३ च्या पाहणीत परतलेल्यांची संख्या सुमारे १८ लाख भरली. पाच वर्षांपूर्वी ती तेराएक लाख होती. मधल्या काळात कोरोना येऊन गेला. पण कोरोना नसता तरी ही माणसं कधी ना कधी परतलीच असती. आखातात उभी हयात काढली तरी नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो.

केरळ सरकारने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी ‘नोर्का’ हे वेगळं खातं उघडलं. किमान दोन वर्षं परदेशात राहून आलेल्याला धंद्यासाठी ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर १५ टक्के, पण कमाल ३ लाखांचं भांडवली अनुदान मिळतं, शिवाय व्याजात सवलत. योजना चांगलीच आहे. तरी वीस वर्षं वेल्डिंग करून, ट्रेलर चालवून आलेला माणूस पन्नाशीत एकाएकी व्यापारी होईल, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्याच्या हातात कसब आहे, पण त्याचा इथे चालेल असा दाखला नाही. २०२० मध्ये केंद्राने ‘स्वदेस’ नावाने परतणाऱ्यांच्या कौशल्यांची नोंदणी सुरू केली. मात्र नोंद झाली म्हणून काम मिळतंच असं नाही.

खरी गरज असते ती हाती चार पैसे असण्याची, आणि ती बचत जाण्याआधीपासूनच सुरू व्हायला हवी. नेमकी याचसाठी केंद्राने २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आणली होती. पुनर्वसनासाठी बचत, म्हातारपणी पेन्शन, वर आयुर्विमा, आणि त्यात सरकारचीही भर. कामगार फारसे आलेच नाहीत आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. सक्तीचा प्रवासी भारतीय विमा चालू आहे, पण त्याचा मुख्य आधार अपघाती मृत्यू आणि अपंगत्वापुरता. धडधाकट परतणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. ती बचत योजना सुधारून पुन्हा सुरू केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट थकलेल्या पैशांची. अमिरातीच्या कायद्यानुसार वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळायला हवा. २०२० मध्ये घाईघाईने विमानात बसलेले कितीतरी जण हा हक्क आणि थकलेला पगार तिथेच सोडून आले. एकदा देश सोडला की दावा लढवणं फार अवघड होतं.

रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आजही तिकडे आहे. तुमच्याही घरातलं असेल, तर आज रात्रीच्या फोनवर एवढं सांगा : करारपत्र, पगाराच्या पावत्या आणि अनुभवाचा दाखला यांचे फोटो काढून घरी पाठवून ठेव, आणि हिशेब पुरता झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नकोस.