हिशेबाची नक्कल निघाली की नाही?

दुकानात संगणक घेतला की रोजच्या हिशेबाची नक्कल, म्हणजे बॅकअप, रात्री आपोआप निघेल अशी सोय करून मिळते. पुढे ती निघतेच आहे, असे आपण धरून चालतो. धोका आहे तो इथेच.

गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनियरच्या हातून भलत्याच सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. नक्कल शोधू गेले, तर ती निघतच नव्हती! नक्कल काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा, म्हणून दरवेळी अडत होता. अडल्याची ईमेलही तो पाठवत होता. पण तिच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने ती दारातूनच परत फिरवली जाई. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली नक्कल होती म्हणून निभावले. तरी मधल्या सहा तासांची नोंद गेलीच. संगणकवाल्यांची ही गत, मग आपले काय?

म्हणून आमचे म्हणणे असे की, बिघडल्याचीच नव्हे, तर काम झाल्याचीही सूचना रोज मालकाच्या मोबाइलवर यावी. ती आली नाही की समजावे, काहीतरी अडले. पडद्याच्या कोपऱ्यात पाच सेकंद चमकून जाणारी पट्टी गिऱ्हाईक समोर असताना कोण वाचणार? बिघाडाची सूचना आपण हटवेपर्यंत हटू नये, आणि तीत नुसता आकडा नको. ‘पेनड्राइव्ह भरला, दुसरा लावा’ असे साध्या भाषेत हवे.

संगणक बसवणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी पेनड्राइव्ह काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काय येते ते त्याच्यासमोर पाहा.