चौदा नंबरचा लळा

जयपूरला गेलेला पाहुणा हवामहल बघतो, आमेरचा किल्ला चढतो. सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, म्हणजे 'वीकेआई'त, त्याला कोणी नेत नाही. नेऊन दाखवणार काय? पत्र्याच्या शेड, माल उतरवणारे ट्रक, वेल्डिंगच्या ठिणग्या. रस्त्यांची ओळखसुद्धा आकड्यांनी: रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा. तरी तिथे वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला 'चौदा नंबर' म्हटल्याबरोबर चहाची टपरी आठवते, शिफ्ट सुटतानाची गर्दी आठवते आणि चेहरा खुलतो. आकड्यावर जीव जडावा?

जडतो! रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लोकांना चिनी धाटणीची, त्यांना अजिबात न कळणारी अक्षरं दाखवली. जी जास्त वेळा डोळ्यांखालून गेली, तीच लोकांना चांगल्या अर्थाची वाटली. नुसतं वारंवार दिसणं पुरलं. सौंदर्य लागलंच नाही.

मेंदूची करामत तर आणखी भन्नाट. मेंदूसंशोधक जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, की उंदीर ठरावीक जागी आला की त्या तडतडायच्या, पुढे सरकला की गप्प. माणसाच्या आठवणी घडतात त्याही याच भागाच्या मदतीने. मग कोपऱ्यावरची टपरी आणि तिथे कानावर पडलेली पहिल्या पगाराची बातमी एकमेकींपासून सुटी कशी होणार?

आणि ती जागाच हिरावली गेली तर? बॉस्टनचा वेस्ट एंड हा भाग सरकारने गलिच्छ वस्ती ठरवून १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडला. हलवलेल्या रहिवाशांना मानसशास्त्रज्ञ मार्क फ्राइड यांनी नंतर गाठलं, तर जवळजवळ निम्म्या बायका घरातलं माणूस गेल्यासारख्या शोकात होत्या. आपल्याला हे नवं नाही. गिरण्या बंद पडल्या, गिरणगावातली माणसं डोंबिवली-विरारला पांगली; पण गणपतीत पावलं लालबागकडेच वळतात.

मला सर्वांत जास्त गंमत वाटते ती मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या निरीक्षणाची. रोज एकाच फलाटावर उभे राहणारे लोक एकमेकांना ओळखतात, पण वर्षं गेली तरी बोलत नाहीत. तीच दोन माणसं परक्या गावात समोरासमोर आली, की मात्र बोलायची शक्यता वाढते. चौदा नंबरच्या टपरीवर कधी मान न हलवणारे दोघे उद्या दादर स्टेशनवर भेटू देत. "अरे, आप तो वीकेआई वाले!" म्हणत गळ्यात पडतील, आणि एकमेकांची नावं तेव्हा कुठे विचारतील.