श्वासाची वाट

घरात कुणी घोरू लागले की आपण म्हणतो, "काय गाढ झोप लागलीय!" पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो आणि मग माणूस दचकून मोठा श्वास घेतो. असे वारंवार होत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. तेवढा वेळ श्वास अडलेला असतो.

झोपेत घसा सैल पडतो. जीभ मागे सरकते. ओली पिशवी आतून चिकटावी, तशी श्वासाची वाट मिटते.

पिशवीत फुंकर घातली की ती उघडते. सन १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉक्टर सलिव्हन व त्यांच्या सोबत्यांनी हेच केले. रोग्याच्या नाकावाटे सतत हवेचा दाब दिला. घशात नळी न घालता वाट उघडी राहिली.

पण आत वाट उघडली की नाही, हे बाहेरून कसे कळावे? इथे सोनोग्राफी मदतीला येते. गरोदर बाईचे पोट तपासतात, तीच. यंत्राचा दांडा हनुवटीखाली टेकवतात. त्याचा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. विहिरीत मारलेली हाक परत यावी, तसा तो जिभेवर आपटून परत येतो. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. हवेचा दाब दिल्यावर वाट रुंदावते का, ते डॉक्टर पाहतात. चिरफाड नाही, दुखणे नाही.

दाब कमी पडला तर वाट मिटते. फार झाला तर हवा पोटात शिरते. म्हणून तो बेताचाच हवा.

घोरणाऱ्याला आपला श्वास अडल्याचे बहुधा कळत नाही. ते शेजारी निजणाऱ्याला कळते. म्हणून आम्ही सांगतो, हसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.