हाताच्या चवीला बँकेची पत : प्रेमाताई पुरव यांचा वारसा

पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्या दरम्यान येणारे बेगडेवाडी हे छोटे स्थानक ज्या पट्ट्यात वसले आहे, त्याच्या एका अंगाला पिंपरी-चिंचवडची आणि दुसऱ्या अंगाला तळेगाव-चाकणची कारखानदारी आहे. जिथे कारखाना येतो, तिथे घरदार गावी ठेवून भाड्याच्या खोलीत चौघा-पाचांसोबत राहणारा कामगार येतो, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लावणारी, आपल्याच स्वयंपाकघरातून डबे देणारी बाईही उभी राहते. तिचे कष्ट शेजारीपाजारी सगळ्यांना दिसतात. मात्र तिच्या कामाला धंदा म्हणण्याची आणि धंद्याला लागणारे भांडवल तिला रास्त दराने देण्याची वेळ आली, की व्यवस्थेचा हात आखडतो. औद्योगिक वस्तीतल्या या बाईला उद्योजक म्हणून ओळखून तिच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून घेणाऱ्या प्रेमाताई पुरव २०२४ साली निवर्तल्या. त्यांचे कार्य मुंबईच्या गिरणगावात उभे राहिले असले, तरी त्याचा खरा उपयोग आज मावळासारख्या नव्या कारखानदारी मुलखालाच अधिक आहे, आणि म्हणून त्यांच्या कामाची पद्धत नीट समजून घेणे हाच त्यांच्या स्मरणाचा योग्य मार्ग ठरतो.

गिरणगावातील खाणावळीचे अर्थकारण

मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढील काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांचे आणि चाळींचे दाट जाळे तयार झाले. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेका खोलीत पाळीपाळीने राहत असत, म्हणजे एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागी पथारी टाकत. अशा माणसांना जेवू घालणारी व्यवस्था म्हणजे खाणावळ, आणि ती चालवणारी खाणावळवाली बहुधा एखाद्या गिरणी कामगाराची पत्नी, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांनंतर गिरण्यांमधील स्त्री-कामगारांचे प्रमाण सतत घटत गेल्याने, पोट भरण्यासाठी अनेकींच्या हाती स्वयंपाकाखेरीज दुसरे साधन उरले नव्हते.

या व्यवसायाची मुख्य अडचण पैशाच्या फेऱ्यात होती. धान्य, डाळ, तेल, रॉकेल रोज लागे, पण जेवणाऱ्यांचे पैसे महिन्याच्या पगारानंतर येत. या मधल्या काळात व्यवसाय चालू ठेवण्यासाठी जी रक्कम हाताशी असावी लागते, तिला खेळते भांडवल म्हणतात, आणि नेमके तेच खाणावळवालीकडे नसे. त्यामुळे ती वाण्याकडून उधारीवर माल उचलत असे, आणि उधारीच्या मालाला भाव चढा व प्रत हलकी असली तरी तिला तक्रारीला जागा नसे. पगार लांबला, गिरणी बंद पडली किंवा संप झाला, की पितळेची भांडी आणि अंगावरचे मणी-मंगळसूत्र गहाण पडे. संपाच्या काळात जेवणाऱ्यांना ताटावरून उठवणे तिला माणुसकीला धरून वाटत नसे, म्हणून ती कर्ज काढून त्यांना जेवू घालत राही. कामगारांच्या लढ्याचा मोठा भार अशा रीतीने चुलीपाशी बसलेल्या स्त्रीने वाहिला, परंतु कामगार म्हणून तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नव्हती.

संघटनेतून आलेली दृष्टी

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या गोवा मुक्तिलढ्यात त्या तरुणपणी उतरल्या, त्यात त्यांच्या पायाला गोळी लागली, आणि पुढे मुंबईत येऊन त्या डाव्या कामगार चळवळीत काम करू लागल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतील नेते होते. एकीकडे गिरणी कामगारांच्या वस्तीशी रोजचा संबंध आणि दुसरीकडे बँकव्यवहाराची घरातच उपलब्ध असलेली जाण, अशा दोन गोष्टी प्रेमाताईंच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या, आणि त्यांच्या पुढील कार्याचा पाया या संयोगात शोधावा लागतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी दुष्काळ, महागाई आणि गिरणी संप यांनी गिरणगाव होरपळून निघाले असताना, मोर्चात येणाऱ्या स्त्रियांच्या घरातला सावकारी फास त्यांना जवळून दिसला.

त्याच सुमारास देशाच्या बँकव्यवस्थेतही मोठा बदल घडत होता. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ पासून विभेदी व्याजदर योजना लागू झाली. दुर्बल घटकांना इतर कर्जदारांपेक्षा वेगळ्या, म्हणजे केवळ ४ टक्के वार्षिक व्याजाने कर्ज देण्याची ही योजना होती. परंतु योजना कागदावर असणे आणि लालबागच्या चाळीतील निरक्षर स्त्रीने बँकेत जाऊन अर्जावर अंगठा उमटवणे यांत फार मोठे अंतर होते. बँकेला तारण हवे असे, म्हणजे कर्ज बुडाल्यास विकता येईल अशी मालमत्ता. आणि खाणावळवालीजवळ जी काही मालमत्ता असे, ती आधीच वाण्याकडे गहाण पडलेली असे.

चौदा जणींची पत

१९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली आणि १४ खाणावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपयांचे कर्ज मिळाले. या व्यवहाराचे महत्त्व आकड्यांत मांडले तर चटकन ध्यानात येते. वार्षिक ४ टक्के दराने १५०० रुपयांवर वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्याला ५ रुपये व्याज होते. तीच रक्कम दरमहा शेकडा दहा अशा सावकारी दराने घेतली असे धरले, तर एका महिन्याचे व्याज १५० रुपये भरते आणि दहा महिन्यांत मुद्दलाइतके पैसे देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. रोख पैसे हाती असलेली बाई घाऊक बाजारातून पोतेभर तांदूळ आणू शकते, भाव करू शकते, खराब माल परत करू शकते, आणि गहाण पडलेले भांडे सोडवून त्याच भांड्यात अधिक माणसांचा स्वयंपाक करू शकते. तिच्या हाताला चव पूर्वीही होती आणि कष्टांतही तिने कधी कसूर केलेली नव्हती, पण त्या कष्टांचे फळ वाण्याच्या वहीत न जाता तिच्या घरात राहण्याची सोय या कर्जाने झाली.

तारणाचा प्रश्न समूहहमीने सुटला. समूहहमी म्हणजे गटातील प्रत्येकीने दुसरीच्या परतफेडीची जबाबदारी घेणे; यात मालमत्तेची जागा ओळख आणि विश्वास घेतात. एका चाळीत, एका नळावर वर्षानुवर्षे वावरणाऱ्या स्त्रियांना कोणाचा धंदा नीट चालतो, कोणाच्या घरी दारूपायी पैसा जातो, कोणाला सध्या आजारपणामुळे सवलत द्यायला हवी, याची जी माहिती असते, ती कोणत्याही बँक अधिकाऱ्याला मिळणे शक्य नसते. प्रेमाताईंनी या माहितीचे व्यावसायिक मूल्य जाणले आणि तिच्या आधारावर संस्था उभी केली. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सेवा बँक सुरू झाली होती आणि बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा सूक्ष्मकर्जाचा प्रयोग १९७६ मध्ये सुरू झाला. लालबाग-परळच्या खाणावळवाल्यांचे काम याच काळातले आहे, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

संपानंतरचे वळण

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वपदावर कधीच आले नाही. कामगार गावी परतले तसे खाणावळीचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या धंद्याचा कणा अशा वेळी मोडतो. कर्ज कितीही स्वस्त असले, तरी जेवायला माणूसच नसेल तर ते फेडणार कसे, असा प्रश्न उभा राहतो. अन्नपूर्णा महिला मंडळाने या कसोटीच्या काळानंतर सामूहिक स्वयंपाकघर, समारंभांना आणि कार्यालयांना जेवण पुरवणे, स्त्रियांना प्रशिक्षण देणे, नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह चालवणे अशा दिशांनी काम वाढवले आणि वाशीलाही आपले केंद्र उभारले. घरातल्या चुलीवरून निघालेल्या कौशल्याला नवे गिऱ्हाईक शोधून देणे, हा मार्गदर्शनाचा भाग कर्ज मिळवून देण्याइतकाच मोलाचा होता. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तो सन्मान एका अर्थाने मुंबईच्या सगळ्या खाणावळवाल्यांच्या कष्टांपर्यंत पोहोचला.

पुढच्या पिढीकडे गेलेली पद्धत

मार्गदर्शकाचा प्रभाव टिकला की नाही, हे त्याच्या पश्चात त्याच्या पद्धतीने कोण काम करते यावरून कळते. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतील नोकरी सोडून १९९३ पासून पुण्यातील झोपडवस्त्यांत, विशेषतः भाजी विकणाऱ्या आणि छोटे व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांसाठी काम सुरू केले, आणि त्यातून अन्नपूर्णा परिवार ही संस्था विस्तारली. आईच्या कामातील समूहहमी तिथे कायम राहिली, पण तिच्या जोडीला बचत, आरोग्य व आयुर्विम्याचे परस्पर सहाय्य निधी, कष्टकरी आयांच्या मुलांसाठी पाळणाघरे आणि एकल मातांच्या मुलांसाठी शिक्षणसाहाय्य अशी आधाराची कडी तयार झाली. या विस्तारामागील तर्क गरीब घराच्या हिशेबातून आलेला आहे: भाजीवालीचा धंदा अनेकदा तोट्यामुळे बुडत नाही, तर घरातल्या एका शस्त्रक्रियेमुळे किंवा लहान मूल सांभाळायला कोणी नसल्यामुळे बुडतो, आणि म्हणून विमा व पाळणाघर या तिच्या दृष्टीने भांडवलाइतक्याच व्यावसायिक गरजा आहेत.

कर्ज आणि मार्गदर्शन यांची फारकत केल्यास काय घडते, याचा धडा देशाने पुढे घेतला. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांनी एकाच घराला अनेक कर्जे देऊन वसुलीचा तगादा लावल्याने मोठे संकट ओढवले, राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने २०११ च्या आरंभी या क्षेत्रासाठी नियमांची शिफारस केली. वरवर पाहता गट तिथेही होते आणि हमीही होती, पण कर्जदार बाईच्या धंद्याकडे पाहणारी, तिला किती कर्ज पेलेल हे तिच्यासोबत बसून ठरवणारी नजर हरवली होती. अन्नपूर्णाच्या वाटचालीत ही नजर मध्यवर्ती राहिली, आणि कर्ज देणारी संस्था व व्यवसायातली गुरू यांच्यातला फरक याच ठिकाणी स्पष्ट होतो.

मावळातील उपयोग

बेगडेवाडीच्या शेजारच्या देहूला कर्जाचा प्रश्न नवा नाही. तुकाराम महाराजांच्या घराण्यात वाण्याचा आणि महाजनकीचा व्यवसाय होता, आणि दुष्काळाचे चटके सोसल्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ऋणकोची सुटका करण्याचा तो संतांचा मार्ग होता; प्रेमाताईंनी संघटनेच्या मार्गाने तीच करुणा व्यवहारात आणली आणि गरीब स्त्रीला जाचणारे खाते बंद करून तिच्या स्वतःच्या नावाचे, रास्त दराचे खाते उघडून दिले.

आजच्या मावळातील डबेवालीसमोर गिरणगावातल्या खाणावळवालीपेक्षा अधिक साधने आहेत. १९७५ मध्येच स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, ग्रामीण भागातील उमेद अभियान, नाबार्डने १९९२ पासून राबवलेली बचत गट व बँक यांची जोडणी, २०१५ ची मुद्रा योजना आणि २०२० पासूनची उद्यम नोंदणी, ही सारी तिच्या हाकेच्या अंतरावर आहेत असे म्हणता येते. त्याचबरोबर खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी वा परवाना घ्यावा लागतो, आणि फोनवर झटपट मिळणाऱ्या महागड्या कर्जांचा नवा मोहही तिच्यापुढे आहे. साधने वाढली की त्यांतून निवड करण्याचे ज्ञानही वाढावे लागते. डब्याचा दर ठरवताना गॅस, भाजी आणि स्वतःची मजुरी कशी धरायची, घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा कसा लिहायचा, महिनाअखेरीस थकलेली बाकी कोणाकडून किती येणे आहे याची वही कशी ठेवायची, एक कारखाना बंद पडला तर दुसरे गिऱ्हाईक कुठून आणायचे, हे सांगणारी अनुभवी बाई शेजारी असेल, तरच योजनेचा पैसा धंद्यात मुरतो.

म्हणून प्रेमाताईंच्या नावाने काही करायचे असेल, तर ते पुतळ्यापेक्षा आणि व्याख्यानमालेपेक्षा साधे असावे. देहूरोड, बेगडेवाडी, तळेगाव या पट्ट्यात वर्षानुवर्षे डबे देणाऱ्या ज्या जाणत्या स्त्रिया आहेत, त्यांनी नव्याने चूल मांडणाऱ्या चौघी-पाचजणींना हाताशी धरावे, बचत गटांनी त्यांच्यासाठी घाऊक खरेदी एकत्र करावी, आणि बँकांच्या शाखांनी अशा गटाच्या शब्दाला तारणाइतके वजन द्यावे. लालबागच्या चौदा जणींनी ५० वर्षांपूर्वी सिद्ध केले, की नळावर एकमेकींना ओळखणाऱ्या बायका बँकेपुढेही एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहू शकतात. त्यांना तसे उभे राहायला शिकवणारी बाई आज हयात नाही, पण तिने शिकवलेली रीत कोणत्याही औद्योगिक वस्तीत, कोणत्याही दोन जाणत्या स्त्रियांना आजपासून अंगीकारता येईल, इतकी ती स्वच्छ आणि परिपूर्ण आहे.