दारापाशी लागणारा कीबोर्ड



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या अभ्यासिकांसाठी मंडळीतून जुने संगणक मिळाले. त्यांचे पुढे काय झाले, असे अनेकांनी विचारले. त्यांतले बहुतेक विंडोज १० वर चालणारे होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विंडोजचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून आम्ही त्यांवर लिनक्स मिंट टाकले. ते फुकट मिळते, जुन्या यंत्राला झेपते आणि त्यावर मराठी लिहिता-वाचता येते. मुलांना फरक जाणवलासुद्धा नाही.

पण एका मुलीची अडचण राहिली, आणि ती कशी सुटली हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही मुलगी फासेपारधी समाजातली, बारावीला शिकणारी. लहानपणी पालातल्या चुलीवर दोन्ही हात भाजले. जखमा भरल्या, पण बोटे आखडली ती आखडलीच. तळहाताने ती माउस छान सरकवते, क्लिकही करते; मात्र कीबोर्डावरची एकेक कळ वेगळी दाबणे तिला जमत नाही, शेजारच्या दोन कळाही दाबल्या जातात. अशा माणसासाठी पडद्यावरचा कीबोर्ड असतो. संगणकाच्या पडद्यावर कीबोर्डाचे चित्र उमटते, त्यातल्या अक्षरावर माउसने क्लिक केले की ते अक्षर उमटते. मोबाइलवर आपण सगळे हेच वापरतो. लिनक्सवर यासाठी ऑनबोर्ड नावाचा प्रोग्राम आहे. तो आम्ही तिच्या खात्यात सुरू करून दिला आणि ती त्यावर मराठी निबंध लिहू लागली. हळू लिहिते, पण शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरे आहे.

अडचण होती ती त्याआधीच्या पायरीवर. संगणक सुरू केला की आधी नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा येतो, त्याला लॉगिन स्क्रीन म्हणतात. तिथे ऑनबोर्ड नव्हता. म्हणून रोज कोणीतरी तिचा पासवर्ड टाकून द्यायचे. आज ताई, उद्या दुसरा विद्यार्थी. महिन्याभरात तो पासवर्ड सगळ्या अभ्यासिकेला पाठ झाला.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. तिच्या खात्यात घरातल्या सगळ्यांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवली होती: आधार, रेशनकार्ड, आजोबांच्या नावाचा मिळेल तो पुरावा. जातीच्या दाखल्याची तयारी चालली होती. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्या काळी ज्यांचे आजोबा पाल घेऊन गावोगाव फिरत होते, त्यांनी तो कुठून आणायचा? एकेक चिटोरे गोळा करावे लागते, आणि दाखला नसेल तर शिष्यवृत्ती नाही. अशी फाइल कोणाच्याही हाताने उघडावी, चुकून पुसली जावी, हे परवडणारे नाही. शिवाय ती सतरा वर्षांची मुलगी आहे. तिने काय लिहिले ते सगळ्यांनी वाचावे असे तिला वाटत नाही. ती मला एवढेच म्हणाली, "दादा, माझा पासवर्ड मलाच टाकायचाय."

आता यामागचे कारण समजून घेऊ, कारण ते समजले की दुरुस्ती आपोआप सुचते. तुमच्या खात्यातली प्रत्येक सोय, मोठी अक्षरे, मराठी लिपी, पडद्यावरचा कीबोर्ड, ही तुम्ही आत शिरल्यावर लागू होते. लॉगिन स्क्रीन चालते तेव्हा संगणकाला तुम्ही कोण हेच माहीत नसते. तो पडदा एक निराळा प्रोग्राम चालवतो आणि त्याच्या सेटिंग निराळ्या असतात. घरात तुमच्या खोलीत दिवा लावला म्हणून फाटकावर उजेड पडत नाही, तसेच हे आहे. फाटकाचा दिवा वेगळा लावावा लागतो, आणि तो लावायला घरमालकाची, म्हणजे संगणकाच्या व्यवस्थापकाची परवानगी लागते.

मिंटमध्ये हे काम लाइटडीएम आणि त्याचा स्लिक-ग्रीटर नावाचा दर्शनी भाग करतो. सर्वांत सोपा उपाय असा की लॉगिन स्क्रीनच्या वरच्या पट्टीत माणसाच्या आकृतीचे लहान चिन्ह असते, त्यावर क्लिक करून पडद्यावरचा कीबोर्ड निवडावा. ज्याला माउस चालवता येतो त्याला एवढे पुरेसे आहे. मात्र ऑनबोर्ड संगणकावर टाकलेला असावा. नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आधी टाकून घ्यावा, नाहीतर निवडूनही काही उमटत नाही.

कीबोर्ड दर वेळी न सांगता समोर यावा असे वाटत असेल, तर व्यवस्थापकाच्या अधिकाराने एक फाइल लिहावी लागते. इटीसी फोल्डरात लाइटडीएम नावाचा फोल्डर आहे, त्यात स्लिक-ग्रीटर नावाची कॉन्फ फाइल असते किंवा आपण तयार करायची. पहिल्या ओळीत चौकटी कंसात ग्रीटर, आणि खाली ऑनस्क्रीन, मध्ये आडवी रेघ, कीबोर्ड, बरोबरचे चिन्ह, ट्रू. सगळे इंग्रजी अक्षरांत. फाइल जतन करायची, संगणक पुन्हा सुरू करायचा.

काही हलक्या लिनक्समध्ये लाइटडीएमचा दुसरा, जीटीके नावाचा दर्शनी भाग असतो. तिथे कोणता कीबोर्ड आणायचा ते आधी फाइलीत लिहावे लागते, आणि मग एफ-३ ही कळ दाबली की तो येतो. ज्याला कळ दाबता येत नाही त्याच्यासाठी ठेवलेली सोय कळ दाबून मिळते, हे वाचून मला हसूही आले आणि रागही आला. सुदैवाने तिथेही माउसने चालणारा मेनू आहे. उबुंटूसारख्या ग्नोम वापरणाऱ्या लिनक्समध्ये लॉगिन स्क्रीनवरच्या मनुष्याकृती चिन्हाखालीच हा पर्याय सापडतो.

पासवर्ड निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. लॉगिन स्क्रीनवरचा कीबोर्ड बहुधा इंग्रजी मांडणीत येतो, म्हणून पासवर्ड मराठी अक्षरांत ठेवू नये. आत लिहिलेला शब्द बाहेर टाकताच येणार नाही. आणि मोठ्या अक्षरासाठी शिफ्टवर वेगळे क्लिक करावे लागते, तेव्हा चिन्हांनी भरलेल्या छोट्या पासवर्डपेक्षा लहान अक्षरांतले तीन-चार असंबद्ध शब्द एकापुढे एक ठेवलेले बरे. तिने कोणते शब्द घेतले ते मला माहीत नाही. पडद्यावर क्लिक करताना मागे उभा असलेला माणूस अक्षरे वाचू शकतो, म्हणून तो संगणक भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या जागी हलवला.

कोणी सुचवले की तिच्या संगणकाचा पासवर्डच काढून टाका, आपोआप उघडू दे. ते दोन मिनिटांचे काम होते. पण मग तिची कागदपत्रे पुन्हा सगळ्यांपुढे उघडी. ज्याला अडचण आहे त्याच्याच दाराला कडी नको, हा न्याय मला पटत नाही.

याच भागात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन काढले आणि तिथे त्यांना ब्रेल शिकवले जाई. दुसऱ्याने वाचून दाखवणे हीसुद्धा सेवाच, पण रमाबाईंना तेवढ्याने समाधान नव्हते. तिथल्याच छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनी त्यांच्या मराठी बायबलाचे खिळे जुळवले. आणि मार्काच्या शुभवर्तमानातला तो पक्षघाती मनुष्य आपल्याला आठवतो. प्रभू घरात होता, शिकवत होता, सगळे काही आत होते. दारात मात्र वाट नव्हती. चौघांनी छप्पर उघडले. आमचे काम त्या मानाने फारच हलके, एका फाइलीतल्या दोन ओळी.

एक इशारा, जे स्वतः असे संगणक तयार करून देणार आहेत त्यांच्यासाठी. लिनक्स टाकताना संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय विचारला जातो. एरवी तो चांगला, पण त्याचा पासवर्ड लॉगिन स्क्रीनच्याही आधी विचारला जातो आणि तिथे ऑनबोर्ड पोहोचत नाही. अशा विद्यार्थ्याच्या यंत्रावर तो निवडू नये. तसेच थोडा वेळ हात न लावल्यावर येणारा कुलपाचा पडदा हा पुन्हा तिसराच प्रोग्राम आहे. तिथे कीबोर्ड येतो की नाही ते वेगळे तपासून मगच यंत्र हाती द्यावे.

शिरूरकडच्या अभ्यासिकेत आता ती सकाळी येते, यंत्र सुरू करते आणि शब्द एकेक क्लिक करत टाकते. दीड मिनिट लागते. मागची मुले थांबतात. दाखल्याचा अर्ज दाखल झाला आहे, निकाल यायचा आहे. त्यासाठी प्रार्थना करा.

दौंडकडे अजून दोन मुलांसाठी हीच व्यवस्था करायची आहे. त्यांतल्या एकाचा हात थरथरतो, त्याला साधा माउस आवरत नाही. वर मोठा गोळा असलेला, जागेवर राहून फिरणारा ट्रॅकबॉल माउस किंवा चालू स्थितीतला टचस्क्रीन मॉनिटर कोणाकडे पडून असेल, तर तो आपल्या पाळकसाहेबांकडे द्यावा. केबल सोबत असावी.