धरण उशाला, दोष कुणाला?

"एवढा पाऊस पडतो, तरी यांना पाणी साठवता येत नाही?" पेपरात शहापूर-मुरबाडच्या टँकरचा फोटो आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग 'लोकच आळशी' वगैरे वगैरे. पण मित्रांनो, डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं, हे लॉजिक जरा अजबच नाही का?

आधी फॅक्ट्स बघू. शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. खाली बसाल्टचा कातळ. पाणी फारसं मुरत नाही, वाहून जातं आणि धरणात अडतं. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं आहे. मुरबाडकडच्या बारवीचं पाणीही कारखान्यांना आणि शहरांना जातं. धरण खाली खोऱ्यात, पाडे वर डोंगरात. पंप आणि पाइपलाइन असल्याशिवाय पाणी वर कसं चढणार? प्रश्न 'हेड'चा आहे, हे सेकंड इयरवालाही सांगेल!

आणि साठवायचं म्हटलं तर? पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी दिवसाला १०० लिटर धरा. फेब्रुवारी ते मे, १२० दिवसांचे झाले १२ हजार लिटर. एवढी टाकी मजुरीवर जगणाऱ्याने आणायची कुठून?

मग दोष त्यांनाच का? मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक मुलगी उत्तर चुकली की तिला विजेचा शॉक बसतो, असं विद्यार्थिनींना दाखवलं. (शॉक अर्थातच खोटा होता.) ज्यांना वाटलं की तिचा त्रास असाच चालू राहणार, त्यांनी तिलाच नावं ठेवली. ज्यांना तिचा त्रास थांबवता आला, त्यांचं तिच्याबद्दलचं मत बरंच चांगलं होतं.

कारण? 'करावं तसं भरावं' असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. निर्दोष माणूस भोगतोय हे मान्य केलं, तर उद्या ती वेळ आपल्यावरही येऊ शकते! त्यापेक्षा 'त्याचंच चुकलं' म्हटलं की बरं वाटतं. इथे तर त्याहून अवघड गोष्ट आहे. त्यांच्या उशाच्या धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं. ते आळशी ठरले की आपला शॉवर निर्धास्त चालू!

पण त्याच प्रयोगात आशाही आहे. काही करता आलं की माणूस दोष देणं कमी करतो. आणि आपण तर इंजिनीअर होणार! बंद पडलेल्या मशीनला आपण आळशी म्हणत नाही, फॉल्ट शोधतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय? शहापूरच्या एखाद्या पाड्यावर जा. विहीर किती खोल, पंप आहे का, वीज किती तास असते, एवढं विचारून या. 'ते असे का' हा प्रश्न मग पडणारच नाही.